घरी अभ्यासाला कोण बसणार?



दिवाळी सरली की अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या रस्त्यांवर एक नवा हंगाम सुरू होतो. स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर फलक लागतात, ‘प्रवेश सुरू’. फलकावर टाय लावलेलं एक हसरं मूल असतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘इंग्लिश मीडियम’. त्या दिवसांत ज्या घरात तीन-चार वर्षांचं मूल आहे, त्या घरात एकच विषय असतो. मराठीत घालायचं की इंग्रजीत? आजी एक सांगते, मामा दुसरं सांगतो, शेजारीण तिसरंच सांगते. आईबाप गोंधळून जातात.

मी मराठीत कविता लिहिते. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलंच असणार, असं लोक धरून चालतात. पण आज मला मराठीची थोरवी सांगायची नाही. ती सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. त्यात मी त्यांना दोषही देत नाही. मला फक्त एक घरगुती प्रश्न विचारायचा आहे. संध्याकाळी या मुलाजवळ अभ्यासाला कोण बसणार आणि ते माणूस कोणत्या भाषेत वाचतं? माध्यमाचा निर्णय या प्रश्नापासून सुरू व्हावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपली ही तीन गावं मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर, एकमेकांना लागून. पण प्रत्येकाची भाषेची गोष्ट निराळी. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्याच गावात विसाव्या शतकात काड्यापेट्यांचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, एमआयडीसी आली आणि त्यांच्यामागून कोकणातली, देशावरची, खानदेशातली, उत्तरेतली, दक्षिणेतली माणसं आली. बदलापूर वाढलं ते घरांसाठी. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. मुंबईत जागा परवडेना म्हणून चाळींतली मराठी कुटुंबं इथं आली. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री परतायचं, हा त्यांचा दिनक्रम. उल्हासनगरची गोष्ट मात्र या दोघांहून वेगळी आहे आणि आजच्या विषयात ती आपल्याला फार शिकवणारी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नामकरण झालं, उल्हासनगर. आजही तिथं पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात.

सिंध आपल्याला दूरचा वाटतो, पण १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. १८५३ मध्ये तिथल्या ब्रिटिश प्रशासनानं सिंधीसाठी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरवली. त्या लिपीत शिकलेले शिक्षक, व्यापारी, लेखक घरदार सोडून या बराकींत आले आणि इथं त्यांनी आपल्या भाषेच्या शाळा उभ्या केल्या. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेली आपली बालभारती आठ माध्यमांची पाठ्यपुस्तकं काढते. त्या आठांत सिंधीही आहे.

म्हणजे सरकारमान्यता होती, पुस्तकं होती, शाळा होत्या. तरीही सिंधी माध्यमाचे वर्ग एकामागून एक ओस पडत गेले. त्यावर कुणी बंदी घातली नव्हती. कुणी ठरावही केला नव्हता. सिंधीचं स्वतःचं राज्य नव्हतं, सिंधीतून सरकारी नोकरी नव्हती. लिपी अरबी वळणाची ठेवायची की देवनागरी घ्यायची, हा वाद वर्षानुवर्षं चालला. गिऱ्हाइकाशी हिंदी बोलायचं, कॉलेजात इंग्रजी लागायचं. मग एकेका घरानं आपापल्यापुरता विचार केला आणि मूल इंग्रजी शाळेत घातलं. प्रत्येक घराचा निर्णय शहाणपणाचाच होता. पण हजारो घरांचे शहाणपणाचे निर्णय एकत्र आले आणि दोन पिढ्यांत एका समाजाची वाचायची भाषा बदलून गेली.

याचा अर्थ काय होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका सिंधी कुटुंबात एक वृद्ध अम्मा होत्या. त्यांची दृष्टी गेली होती. पेटीत त्यांच्या वडिलांची जुनी पत्रं जपून ठेवलेली होती. नात दहावीत, इंग्रजी शाळेत, वर्गात पहिली येणारी. एक दिवस ती पत्रांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘आंटी, आपको उर्दू पढना आता है ना? दादी को ये पढके सुनाना है.’’

उर्दूची अक्षरं मी लहानपणी मदरशात शिकले होते. सिंधीत काही जास्तीची अक्षरं असतात, चार-चार ठिपक्यांची. तिथं मी अडखळायची. मी अक्षरं लावून कसाबसा उच्चार करायचा, नातीनं तो शब्द ओळखायचा आणि आमच्या दोघींचं चुकलं की खाटेवरून अम्मांनी दुरुस्त करायचं. मला अक्षरं कळत होती, अर्थ कळत नव्हता. नातीला अर्थ कळत होता, अक्षरं कळत नव्हती. एका पानाला दीड तास लागला. पत्रात विशेष काही नव्हतं. छप्पर गळतंय, कुणाचं तरी लग्न ठरलंय, धाकट्याचा ताप उतरलाय. अम्मा मात्र तेच पान पुन्हा वाचायला सांगत होत्या.

ती मुलगी पुढं सी. ए. झाली. तिचं काही वाईट झालं नाही, हे मी मुद्दाम सांगते. इंग्रजी शाळेनं तिला पुष्कळ दिलं. पण तिच्या स्वतःच्या घरातला कागद वाचायला तिला शेजारची बाई बोलवावी लागली. आणि असं काही होतंय हे त्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण घरात सिंधी बोललं जातच होतं. बोलणं चालू असतं तोवर भाषा आहे असंच वाटतं. वाचणारा शेवटचा माणूस थकला की मग कळतं.

मराठीचं असं कसं होईल, असं तुम्ही म्हणाल. मराठीमागे राज्य आहे. कोट्यवधी माणसं आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. हे सगळं खरं. पण इमारतीतल्या मुलांना भाजीवाल्यानं ‘एकोणऐंशी रुपये’ म्हटलं की ती आईकडं बघतात. आई सांगते, ‘‘सेव्हन्टी नाइन.’’ मराठी पुस्तक दिलं तर बोट ठेवून एकेक अक्षर लावतात आणि दोन ओळींत कंटाळतात. ही मुलं घरी मराठीच बोलतात. राज्य आपल्यामागे आहे, पण मुलाच्या हातात पुस्तक राज्य देत नाही, आपण देतो.

आमच्या घरापुढं तर दोन नव्हे, तीन वाटा होत्या. माझे अब्बा महाडकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून अंबरनाथला आले. घरात कोकणी मुसलमानांची बोली, म्हणजे मराठीचंच एक रूप. माझं शाळेत जायचं वय झालं तेव्हा वस्तीतले लोक म्हणाले, मुसलमानाची पोर आहे, उर्दू शाळेत घाला. अब्बांचे एक मित्र म्हणाले, पैसे जमव आणि कॉन्व्हेंटमध्ये घाल. अब्बांनी मराठी शाळेत नाव घातलं. कुणी कारण विचारलं तर ते भाषेवर, धर्मावर काही बोलत नसत. म्हणत, ‘‘मला वाचता येतं ते मराठी. पोरीचं पुस्तक मला वाचता आलं पाहिजे.’’

पाळी संपवून आले की हातपाय धुता धुता ते मला धडा मोठ्यानं वाचायला लावत. चुकलं की आतून आवाज येई, ‘‘पुन्हा वाच.’’ मराठी घेऊन मी बी. ए. झाले, त्याचं मूळ या ‘पुन्हा वाच’मध्ये आहे. आजही सभेत कुणीतरी कौतुकानं विचारतं, तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं लिहिता? मी त्यांना श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद सांगते, बार्शीचे शाहीर अमर शेख सांगते, १९९० मध्ये सोलापुरात भरलेलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सांगते. पण खरं उत्तर एवढंच की, माझं पुस्तक माझ्या बापाला वाचता येत होतं.

अब्बांचा हा नियम कुण्या एका भाषेच्या बाजूचा नाही. ज्या घरात उर्दू बोलतात, उर्दू वर्तमानपत्र येतं, आईला उर्दू वाचता येतं, त्या घरातल्या मुलानं पहिली चार-पाच वर्षं उर्दू शाळेत काढली तर ते मला योग्यच वाटतं. फक्त तिथं मराठी चांगलं शिकवलं जातंय ना, हे आईबापांनी बघावं. नाहीतर मूल मोठं होऊन बाहेरच्या व्यवहारात अडतं. आणि ज्या घरात आईबाप दोघंही खरोखर इंग्रजी वाचतात, इंग्रजीत मुलाशी गप्पा मारतात, तिथं इंग्रजी शाळेत मूल हाल काढणार नाही. पण अशी घरं आपल्या तीन गावांत किती, याचा ज्यानं त्यानं प्रामाणिकपणे विचार करावा.

आता दुसरी बाजू. ती मला माझ्या जावयानं सांगितली आणि ती बाजूला सारता येण्यासारखी नाही.

माझी मुलगी आणि जावई बदलापूरला राहतात. नातीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा जावई इंग्रजी माध्यमावर ठाम होता. तो स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला. त्याच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पुढं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. यंत्र उघडून दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पहिल्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. प्रश्न कळला होता, उत्तर माहीत होतं, पण तोंडातून वाक्य निघेना. साहेब हसले. ती नोकरी गेली. तो मला म्हणाला, ‘‘अम्मी, तुमच्या कवितेसाठी माझ्या मुलीनं पुन्हा तिथं गप्प बसायचं का?’’

या प्रश्नाला कवितेनं उत्तर देता येत नाही. इंग्रजीचा ध्यास हा केवळ दिखावा आहे, असं म्हणणाऱ्यांनी अशी हकिकत ऐकलेली नसते. आपल्याकडं इंग्रजीकडं आशेनं पाहण्याची परंपराही जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. ज्यांना शतकानुशतकं ज्ञानापासून दूर ठेवलं, त्यांना इंग्रजीत एक उघडं दार दिसलं. ते खोटं नव्हतं. पण त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावं की, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शाळेसाठी जे मागितलं, त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती आणि आरोग्य यांचं प्राथमिक ज्ञान होतं. इंग्रजी हवं होतंच. पण पाया घरच्या भाषेत हवा होता.

जावयाच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होते. मग मी त्याला विचारलं, ‘‘तुम्हाला यंत्र कळलं ते कोणत्या भाषेत?’’ तो म्हणाला, ‘‘मराठीत.’’ ‘‘मग कमी काय पडलं?’’ तो जरा थांबून म्हणाला, ‘‘माझ्याशी कधी कुणी इंग्रजीत बोललंच नव्हतं.’’ शाळेत इंग्रजीचा तास व्हायचा, पण गुरुजी धडा मराठीत समजावायचे, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. म्हणजे त्याला उणीव होती ती इंग्रजी भाषेची. इंग्रजी माध्यमाची नव्हे. या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथंच सगळा घोटाळा होतो. इंग्रजी शिकणं वेगळं आणि गणित, परिसर, इतिहास हे सगळं न कळणाऱ्या इंग्रजीतून शिकणं वेगळं. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. पुढच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून घेण्याची सेमी-इंग्रजीची सोयही अनेक शाळांत आहे. तेव्हा मराठी शाळा म्हणजे इंग्रजीला रामराम, असं आता राहिलेलं नाही.

अभ्यासक काय म्हणतात तेही पाहू. युनेस्कोनं १९५३ मध्येच एका अहवालात सांगितलं की, मुलाच्या शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी पुढं एक फरक दाखवला. परक्या भाषेत खेळापुरतं, दुकानापुरतं बोलायला मूल दोनेक वर्षांत शिकतं. पण पुस्तकातली भाषा, कारण सांगायची, गणिताचं शाब्दिक उदाहरण समजून घ्यायची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. याचा आपल्या घरातला अर्थ असा. पाहुण्यांसमोर मूल इंग्रजीत गाणं म्हणतं, ‘मे आय गो टू टॉयलेट’ म्हणतं, म्हणून आपण खूश होतो. पण ‘राजूकडे सीमापेक्षा चार गोट्या कमी आहेत’ यातलं ‘पेक्षा’ आणि ‘कमी’ त्याला इंग्रजीत उमगलंय की नाही, ते आपल्याला कळत नाही. बेरीज करायची की वजाबाकी, हे ते बाईंच्या चेहऱ्याकडं बघून ठरवतं.

मग शिकवणी लागते. बदलापूरच्या कुठल्याही सोसायटीत जा, तळमजल्यावर एक ताई शिकवणी घेताना दिसेल. आईबाप सातच्या गाडीनं जाणार, रात्री साडेआठला येणार. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून आजी अभ्यासातून बाद. शाळेची फी वेगळी, बसची वेगळी, शिकवणीची वेगळी. आणि एवढं करून मूल दिवसभरात जे शिकलं, त्यावर घरात त्याच्याशी बोलू शकेल असं एकही माणूस नाही. पंचवीस टक्के राखीव जागांवर मोठ्या शाळेत गेलेल्या गरीब घरच्या मुलांची तर याहून ओढाताण होते. शाळेचं दार कायद्यानं उघडलं, पण घरी पाटीवर बोट ठेवणारं कुणी नाही.

मुलीनं आणि जावयानं दोन-तीन शाळा स्वतः जाऊन पाहिल्या. एका इंग्रजी शाळेत बाई वर्गात सगळं मराठीत समजावून सांगत होत्या आणि मग इंग्रजी उत्तर पाठ करून घेत होत्या. त्यांचा दोष नव्हता, मुलांना दुसरं काही कळलंच नसतं. एका मराठी शाळेत दोन वर्गांना मिळून एकच बाई होत्या आणि स्वच्छतागृहाचं दार मोडलेलं होतं. तिथंही मुलीला घालावंसं कुणाला वाटेल? शेवटी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मराठी शाळा मिळाली, जिथं मुलं बाईंना प्रश्न विचारत होती. जावयानं एक अट घातली, रोज रात्री वीस मिनिटं तो मुलीशी फक्त इंग्रजीत बोलणार आणि कुणीही चुकलं तरी हसायचं नाही. पाचवीत पुन्हा विचार करायचा, हेही ठरलं. नात आता दुसरीत आहे. शाळेतून आली की ती आपल्या दादीजवळ, म्हणजे माझ्या विहीणबाईंजवळ बसून धडा वाचते. विहीणबाई सातवीपर्यंत मराठी शिकलेल्या. त्या चुका काढतात. पुढं काय होईल ते आज मी सांगू शकत नाही. पण जावयाची काळजी आणि विहीणबाईंचं मराठी, दोन्ही नातीच्या उपयोगी पडत आहेत.

हा प्रश्न सरकारनं एकदाचा सोडवून टाकावा, असं पुष्कळांना वाटतं. तसे प्रयत्न झाले आहेत. जानेवारी १९५४ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारनं आदेश काढला की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना इंग्रजी शाळांनी प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीतल्या बार्न्स हायस्कूलवरून प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयानं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश रद्द ठरवला. कर्नाटक सरकारनं प्राथमिक शाळांत मातृभाषेची सक्ती केली, तीही मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मुलाचं माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, असं न्यायालयानं सांगितलं. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं, २००४ मध्ये ते पुन्हा पहिलीत आणावं लागलं. उलट दिशेनं आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचा आदेश काढला, तो तिथल्या उच्च न्यायालयानं २०२० मध्ये रद्द केला. गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं की नाही, यावर २०११ मध्ये मोठं आंदोलन पेटलं. आणि आपल्याकडं २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागं घ्यावा लागला.

यातून मला एवढंच दिसतं की, सक्तीनं हा प्रश्न सुटत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तिथं मातृभाषा म्हणतो, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. पण निवड शेवटी आईबापांच्या हातात आहे. अधिकार आपला, म्हणून विचारही आपणच करायला हवा.

मात्र मराठी शाळांना मी यातून मोकळं सोडणार नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहण्या २००५ पासून सांगत आल्या आहेत की, देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचं पुस्तक नीट वाचता येत नाही. आणि ही चाचणी मुलांच्या शाळेच्याच भाषेत होते. म्हणजे नुसतं मातृभाषेचं माध्यम असून भागत नाही, शिकवावंही लागतं. पट घसरला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी घसरतो. पालकांना भाषाप्रेमाचे धडे देण्याआधी मराठी शाळेत वर्गाला एक शिक्षक, धड स्वच्छतागृह आणि बोलकं इंग्रजी शिकवणारं माणूस द्यायला हवं.

आणखी एक. ‘मातृभाषा’ म्हणजे पुस्तकातली प्रमाण मराठी, असंही नव्हे. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर न्यायची, हा त्यांचा मार्ग होता. बदलापूरच्या आसपास आजही ठाकर, कातकरी पाडे आहेत, आगरी वस्त्या आहेत. तिथल्या मुलाचा शब्द ऐकून बाई हसल्या, तर त्या मुलासाठी मराठी शाळाही परक्या माध्यमाचीच शाळा ठरते. माझ्या जावयाला हसणारे साहेब आणि या मुलाला हसणाऱ्या बाई, दोघंही मुलाला गप्प करतात.

तेव्हा या हंगामात ज्यांना निर्णय घ्यायचा आहे, त्यांना मी चार गोष्टी सुचवते. पहिली, शाळेची इमारत, बस, गणवेश पाहून झालं की अर्धा तास वर्ग पाहू द्या असं सांगा. मुलं बोलतायत की नुसती घोकतायत, ते लगेच कळतं. दुसरी, घरात अभ्यासाला बसणारं माणूस कोण, ते आधी ठरवा आणि त्याला जी भाषा वाचता येते तिला झुकतं माप द्या. तिसरी, मराठी किंवा उर्दू शाळा निवडली तर इंग्रजीची जबाबदारी शाळेवर टाकून मोकळे होऊ नका. रोज थोडं बोलणं, थोडं वाचणं घरात हवं, मोडकंतोडकं का असेना. चौथी, इंग्रजी शाळा निवडली तर दुसरी-तिसरी संपेपर्यंत मुलाला आपल्या लिपीतलं पुस्तक सरसर वाचता यायला हवं, हे मनाशी पक्कं करा. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. खर्च फारसा नाही, रोजचा पाव तास काढावा लागेल.

आणि कुठल्याही शाळेत घाला, संध्याकाळी मुलाला एक विचारा, आज काय शिकलास? त्यानं उत्तर पाठ म्हणून दाखवलं तर सावध व्हा. त्यानं आपल्या शब्दांत, हातवारे करत, मध्येच विसरत, पुन्हा आठवत सांगितलं आणि घरातल्या कुणाला तरी त्यावर उलटा प्रश्न विचारता आला, तर शाळा बरोबर निवडली असं समजायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)